किती म्हणायलाव?

मानवतचं घर विकायचं आम्ही ठरवलं ते एका बुधवारी रात्री, परभणीत, दार लावून. मी, बायको आणि फोनवर पुण्याचा थोरला भाऊ, एवढेच तिघं. गुरुवारी सकाळी मानवतच्या बसस्टँडवर उतरलो तर चहावाल्यानं कपात चहा ओतता ओतता विचारलं, ‘‘किती म्हणायलाव?’’

या प्रश्नात घर हा शब्द नाही, विकणं हा शब्द नाही. तरी काय विचारलंय ते आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही कळतं. मी वेड पांघरून म्हणालो, ‘‘कशाचे?’’

‘‘राहू द्या मग,’’ तो म्हणाला. ‘‘पण अण्णाला इचारल्याबिगर देऊ नका म्हंजी झालं.’’

अण्णा म्हणजे आमचे शेजारी. भिंतीला भिंत. त्यांना मी त्याच सकाळी विचारलं. ते ढेलजेत बसून दात कोरत होते. म्हणाले, ‘‘बघू.’’ पुढचे आठ महिने ते एवढंच म्हणत होते.

घर आजोबांनी घेतलेलं. माळवदाचं, सागवानी तुळयांचं, दीड हात जाडीच्या भिंतींचं. उन्हाळ्यात आत शिरलं की माठात शिरल्यासारखं वाटायचं. आई गेल्यापासून सहा वर्षं बंद होतं. माळवदावर गवत इतकं माजलं होतं की एकदा शेजारची शेळी वर चढली आणि दोन दिवस खाली यायला तयार नव्हती.

पुण्याच्या पुतण्यानं विक्रीची सूत्रं हाती घेतली. तो हिंजवडीत नोकरी करतो आणि घर विकण्यावरचे व्हिडिओ बघतो. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक दारात पाय ठेवल्यावर पहिल्या काही सेकंदांतच मन बनवतं. आमच्या दाराची चौकट एवढी बुटकी की पहिले काही सेकंद गिऱ्हाइकाचे डोकं चोळण्यात जातात, हे त्याच्या व्हिडिओत नव्हतं. दुसरी सूचना, घरात कॉफीचा वास दरवळला पाहिजे. आमच्या घराला सहा वर्षं वटवाघळांचा वास होता. तिसरी सूचना, भिंतीवरचे खाजगी फोटो काढा, म्हणजे गिऱ्हाइकाला तिथं स्वतःचं कुटुंब दिसेल.

फोटो काढले. चुन्यात नीळ घालून सारवलेल्या त्या भिंती उन्हा-धुरानं पार करड्या झालेल्या, पण फोटोंच्या मागे मात्र आजोबांच्या काळची निळाई जशीच्या तशी. आजोबा काढले तर भिंतीवर निळे आजोबा उरले. शेजारी लहान चौकोनी निळी आजी. म्हणून रंग देणं आलं.

रंग पुतण्यानं मोबाइलवर निवडला. फिक्कट अबोली. हे काम निघालं २०२४ च्या सप्टेंबरात. महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत जिल्ह्यात धो धो पाऊस पडून गेलेला, नद्या-ओढे एक झालेले. पेंटर भिंतीवर हात फिरवून म्हणाला, ‘‘काका, भिंती एक नंबर. येक भेग नाई.’’ त्याचा दोष नाही. तो सप्टेंबरात आला होता. आमची जमीन काळी, कापसाची. पाणी प्यायली की फुगते आणि भेगा मिटतात. उन्हाळ्यात आकसते आणि पुन्हा तोंड उघडते. तिच्यावर बसलेलं घरही तिच्याबरोबर मिटतं-उघडतं. मानवतला जन्मलेल्या मला हे माहीत असायला हवं होतं. पण परभणीच्या सिमेंटच्या घरात तीस वर्षं काढली की माणूस माती विसरतो.

अबोली भिंतींना लागला, कोनाड्यांना लागला. तरी उरला, तेव्हा मी उदार होऊन म्हणालो, दारं, खांब, तुळया सगळ्यांना एकेक हात मारून टाक. घर असं दिसायला लागलं की आम्हालाच वाटलं, विकायचं कशाला! आई असताना तिनं रंगासाठी दहा दिवाळ्या मागं लागून पाहिलं होतं.

पाटी लावायला पितृपक्ष आडवा आला. त्या पंधरवड्यात आमच्याकडे माणूस चप्पलसुद्धा घेत नाही. म्हणून ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या मुहूर्तावर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी लटकवली. दुसऱ्याच दिवशी, ४ ऑक्टोबरला, ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली.

१९७२ ते १९७४ या काळात आमच्या गावात बायका आणि कोवळ्या पोरींचे खून झाले. मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला आले, आणि साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी पिंपळाखालच्या गुप्तधनाची गोष्ट निघाली. त्यात हसण्यासारखं काही नाही. गावातली जुनी माणसं अजून त्या विषयावर आवाज खाली आणून बोलतात. हसू येतं ते बाहेरून येणाऱ्यांचं. मालिका बघून पुतण्याच्या जाहिरातीवर फोन सुरू झाले. पहिल्यानं विचारलं, ‘‘मागं पिंपळ आहे का?’’ मी म्हणालो, लिंब आहे. त्यानं फोन ठेवला. दुसरे दोघं गाडी करून आले, चौकटीला डोकी आपटली आणि भिंती ठोकत सुटले. ठोकत ठोकत बळदापाशी आले. तिथं पोकळ आवाज आला. यायलाच हवा. भिंतीत धान्य साठवायला ठेवलेली पोकळीच ती! पण त्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मलाही क्षणभर आशा वाटली.

त्यातला एक म्हणाला, इसारपावतीत ‘जमिनीखालच्या व भिंतीतल्या सर्व वस्तूंसह’ असं लिहा. आमच्या वकिलांनी शांतपणे सांगितलं की १८७८ सालचा कायदा आहे, पुरलेलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं निघालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मंडळी चहा न घेता गेली. त्या रात्री आम्ही बळद उघडलं. निघालं ते असं: एक मुठीत तुटलेला अडकित्ता, पाच पैशांची दोन नाणी, उंदरानं खाल्लेलं १९७८ सालचं पंचांग आणि माझं चौथीचं प्रगतिपत्रक, जे मी तेव्हा वडिलांपासून लपवलं होतं. सगळं दहा रुपयांच्या आत बसलं. कळवलं नाही.

मग निवडणूक लागली. १५ ऑक्टोबरपासून आचारसंहिता. जो तो म्हणे, ‘‘पैसं घेऊन हिंडता येईना, निकाल लागू द्या.’’ यावरून आमच्याकडे घराचे पैसे बँकेतून कमी आणि पिशवीतून जास्त फिरतात असा निष्कर्ष कुणी काढला तर मी अडवणार नाही. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. मग लोक म्हणाले, कापसाचं होऊ द्या. मग लग्नसराई. अण्णांना विचारलं तर ‘‘बघू.’’ वर एकदा म्हणाले, ‘‘२०२० च्या जानेवारीत इकायचं होतं. पाथरीत साईबाबाचं जन्मस्थान म्हणून शंभर कोटींची गोष्ट निघाली, तिकडं शिर्डी बंद अन् हिकडं आपल्या गल्लीतबी भाव वर.’’ तेव्हा का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ‘‘तवा तुम्ही इकत नव्हताव.’’

कागदांची एक निराळीच तऱ्हा. आजोबांचं खरेदीखत निजामाच्या राज्यातलं, उर्दूत, १३५० फसलीचं, म्हणजे १९४०-४१ चं. परभणीच्या एका वयोवृद्ध निवृत्त शिक्षकांनी ते भिंग लावून वाचून दिलं आणि मानधन म्हणून फक्त एक कप चहा घेतला. चतुःसीमेत लिहिलं होतं: पश्चिमेस बाभळीचं झाड. गिऱ्हाइकाचा वकील म्हणाला, ते झाड दाखवा. ऐंशी वर्षांपूर्वीची बाभूळ! तिचा नांगर होऊन, नांगर मोडून, चुलीत जाऊनही साठ वर्षं झाली असतील. आणि आत्याच्या सहीशिवाय काही होणार नव्हतं. सेलूला जाऊन हक्कसोडपत्राचं हळूच काढलं. ती म्हणाली, ‘‘सही कुठंबी करते. मला न्हाणीतलं घंगाळ पाहिजे.’’ घंगाळ मी आधीच मोडीत दिलं होतं. तेवढ्याच वजनाचं नवं आणलं. तिनं वाजवून पाहिलं आणि ‘‘ह्ये ते न्हवं’’ म्हणत सही केली.

मार्चात एजंट केला. तो मूळचा बैलबाजारातला. त्यानं घराभोवती एक फेरी मारली, खांबावर थाप मारली, चौकटीखालून वाकून आत आला (डोकं न आपटलेला तो पहिला आणि शेवटचा माणूस) आणि वर बघत राहिला. मग खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकून आतून बोटं दाबली. मला ती भाषा येत नाही. मी नुसती मान हलवली. अजून मला माहीत नाही की त्या क्षणी मी किती टक्क्यांना कबूल झालो होतो; नंतर दोन टक्के गेले.

त्यानं लाकडाचा व्यापारी आणला, कारण त्याच्या मते घराला गिऱ्हाईक नव्हतं, घराच्या लाकडाला होतं. जुनं सागवान, कोरीव चौकट हे सारं हल्ली हॉटेल-रिसॉर्टवाले उचलतात. व्यापाऱ्यानं तुळईला नखानं खरवडलं. अबोली निघाला, खाली मधासारखं सागवान दिसलं. तो कळवळला. ‘‘रंग कामून मारला हो? घासायचीच मजुरी किती जाईल!’’ आणि भाव पाडला. एप्रिलात भिंती उघडल्या. अबोलीवर भेग जितकी ठळक दिसते तितकी करड्या भिंतीवर कधी दिसली नसती. कोपऱ्यातल्या एका भेगेत तर पाल मावत होती.

अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिल २०२५ ला, अण्णा धोतर-टोपी घालून आमच्या ओसरीवर आले. पाचशेच्या स्टॅम्पवर इसारपावती लिहून आणलेलीच होती. मी किंमत सांगितली. त्यांनी खिशातून हिशेबाची चिठ्ठी काढली. जागा इतकी फूट, भाव इतका. बांधकाम: शून्य. त्याखाली: वजा, पाडायचा व माती उचलायचा खर्च. म्हणजे ज्या भिंतींवर आम्ही दोन हात रंग चढवला, त्या पाडायचे पैसेही आमच्याच खिशातून.

‘‘अण्णा, आठ महिने का थांबलात?’’

‘‘तुमची हौस फिटू दिली,’’ ते म्हणाले. ‘‘अन् उन्हाळा येऊ दिला. भिंतीचं खरं रूप उन्हाळ्यात दिसतंय.’’

दिलं घर. भाव वाईट नव्हता, आणि अण्णांपेक्षा ते घर ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. रजिस्ट्री अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या नावानं झाली, कारण घर बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. अण्णा आता काकूंच्या जागेत गाडी लावतात आणि काकू ते गल्लीला विसरू देत नाहीत.

जेसीबी आला त्या दिवशी मी गेलो होतो. तुळया आधीच निघाल्या होत्या. चौकट गाडीत चढवताना हमालाचं डोकं तिला लागलं. मग भिंती बसल्या आणि काळ्या मातीवर अबोली धुरळा उडाला, लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला. बसस्टँडवर चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत.

पेंटरनं रंग अंदाजानं जास्तच आणला होता. चार लिटरचा एक सीलबंद डबा शिल्लक आहे, फिक्कट अबोली. कुणी घर विकायला काढलं असेल तर परभणीला येऊन घेऊन जावा. किती म्हणायलो ते आल्यावर सांगतो.