मजुरी शून्य, उद्योजक थोर

दिवाळीच्या तोंडावर महाविद्यालयाच्या पटांगणात मांडव पडतो आणि रंगवलेल्या पणत्या, क्रोशाच्या किचेन, रेझिनचे कानातले विकणारे विद्यार्थी एका दिवसात ‘उद्योजक’ होतात. प्राचार्य फीत कापतात, फोटो निघतो, वार्षिक अहवालाचे एक पान भरते. हिशेब मात्र कोणी विचारत नाही. समजा, लोकर 60 रुपयांची आणि विक्री 150 रुपयांना. म्हणजे नफा 90, असे वहीत चढते. विणण्यात गेलेले 4 तास वहीत कुठेच नसतात. ते धरले तर ताशी साडेबावीस रुपये पडतात, आणि टेबलाचे भाडे असेल तर तेही त्यातूनच जायचे.

यावर उत्तर ठरलेले: पैसा गौण, अनुभव महत्त्वाचा. मान्य, पण फुकट राबण्याचा अनुभव घरोघरच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यासाठी कोणी प्रवेश शुल्क घेतलेले नाही. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’त श्रमाला मोल होते, त्यातून शिक्षणाचा खर्च भागवायचा होता. इथे श्रमच हिशेबाबाहेर. हौसेने विणणाऱ्यांना अर्थातच कोणी अडवू नये. पण उद्योजकता म्हणायची, तर वाणिज्य विभागाने मांडवात बसून प्रत्येक वस्तूची किंमत मजुरीसकट काढून द्यावी आणि भाडे माफ करावे. तेवढे जमत नसेल, तर फलकावर सरळ ‘आनंदमेळा’ लिहावे.