हिरव्या वायरीचे काय?

बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन म्हणजे एक लहान मोटर, काही पाती आणि एक जाळी. आतली दमट हवा बाहेर टाकणे एवढेच त्याचे काम. ते करायला त्याला दोन वायरी लागतात, एक फेज आणि एक न्यूट्रल. तिसरी, अर्थिंगची हिरवी, लागते ती पंखा बिघडला तर माणूस बिघडू नये म्हणून. तिचा पंख्याला काहीच उपयोग नसल्यामुळे घरगुती जोडणीत तिच्याकडे बिनकामाच्या पाहुण्यासारखे पाहिले जाते.

हा विषय मराठी घरात साधारण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात निघतो. जूनमध्ये छताच्या कोपऱ्यात तिळाएवढा असलेला बुरशीचा डाग तोवर तालुक्याच्या नकाशाएवढा झालेला असतो. रंगाचे पोपडे बादलीत पडू लागतात आणि दोरीवरचा पंचा चौथ्या दिवशीही ओलाच लागतो. इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पंखा आतल्या हवेच्या जागी बाहेरची हवा आणतो. मुंबईच्या जुलैमध्ये बाहेरची हवाही ओलीच असते. म्हणजे आंघोळीची वाफ पंख्याने जाईल, पंचा मात्र वाळणार नाही. ही माहिती घरात कोणी कोणाला देत नाही, कारण पंखा घेण्याचे मुख्य कारण पंचा हेच असते.

पंख्याचा आकार गणिताने ठरवता येतो. पाच बाय सात फुटांची आणि आठ फूट उंचीची बाथरूम २८० घनफुटांची, म्हणजे सुमारे ८ घनमीटरची होते. तिथली हवा तासाला दहा वेळा बदलायची असेल, तर ताशी ८० घनमीटर हवा बाहेर जायला हवी. सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरचा साधा पंखा त्याच्या दुप्पट हवा सहज टाकतो. तरीही दुकानातून घरी येतो तो बारा इंची. मोठा घेतला म्हणजे पुन्हा बघायला नको, हे तत्त्व शाळेचा गणवेश घेताना सिद्ध झालेले असते. व्हेंटिलेटरच्या चौकटीत तो बसत नाही, हे खोके फाडल्यानंतर कळते. फाटलेले खोके दुकानदार परत घेत नाही.

कायद्याचे म्हणणेही ध्यानात घ्यावे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधल्या ४५व्या नियमाने दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांची नुसती अदलाबदल सामान्य माणसाला मोकळी ठेवली होती आणि नवे वायरिंग किंवा जुन्यात भर घालणे परवानाधारक कंत्राटदाराकडे सोपवले होते. २०१० च्या नियमांतही हीच वाटणी राहिली. म्हणजे जुना पंखा काढून तिथे नवा लावणे ही अदलाबदल, आणि जिथे पंखा नव्हताच तिथे पॉइंट काढणे हे वायरमनचे काम. गृहस्थ हा नियम वाचतो आणि व्हेंटिलेटरच्या दोन काचपट्ट्या काढून तिथे पंखा बसवत असल्यामुळे ही अदलाबदलच आहे, असा निष्कर्ष काढतो. वायरमन ‘उद्या येतो’ म्हणाल्याला नऊ दिवस झालेले असतात, हेही या निष्कर्षामागचे एक कारण.

कामाची सुरुवात वीज बंद करण्याने होते. एमसीबीच्या पेटीत कोणता खटका कशाचा हे लिहायला जागा असते, आणि बिल्डरच्या माणसाने तिथे पेन्सिलने लिहिलेलेही असते. ते पुसून फक्त ‘कि’ उरलेले असते. त्यामुळे मेनच बंद करावा लागतो. मग क्रमाने फ्रिजमधल्या दुधाची चौकशी होते, वायफायची होते, आणि मॅचचे शेवटचे षटक चालू असल्याची बातमी येते. या मंडळींपैकी कोणी आपण होऊन मेन चालू करू नये म्हणून पेटीपाशी एक भरवशाचा माणूस उभा करतात. हे काम घरातल्या सातवीतल्या मुलीला द्यावे. ती सांगितल्याशिवाय हात लावत नाही आणि सांगितले तरी कारण विचारते.

मेन पाडल्यावरही टेस्टर लावून पाहायचाच. टेस्टरमध्ये एक निऑनचा बारका दिवा आणि एक मोठा रोध असतो. फेजला टोक लावून वरच्या टोपणावर बोट ठेवले की अगदी नगण्य प्रवाह शरीरातून जातो आणि दिवा पेटतो. पेटला तर फेज आहे, इथपर्यंत सगळे सोपे. घोटाळा आहे तो न पेटण्यात. न पेटलेली वायर न्यूट्रल असू शकते, अर्थिंगची असू शकते, कुठेतरी तुटून मेलेलीही असू शकते. कधी टेस्टरच मेलेला असतो, म्हणून आधी चालू प्लगमध्ये तो घालून बघावा. शिवाय प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभे राहिले तर धडधाकट टेस्टरही मंद पेटतो. थोडक्यात, टेस्टर होकार स्पष्ट देतो, नकार मात्र मोघम. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थांची रीत याच्या अगदी उलट असते.

बाथरूमचा बोर्ड आपल्याकडे बहुधा दाराबाहेर असतो. ओल्या हाताने स्विच लावला जाऊ नये, हा त्यामागचा विचार. त्याचा आनुषंगिक परिणाम असा की आतल्या माणसाच्या दिव्यावर बाहेरच्या माणसाची सत्ता चालते. या बोर्डाची प्लेट उघडली की आत दोन वायरी दिसतात आणि दोन्ही लाल असतात. इथे निम्मे उमेदवार गळतात. त्यातली एक येणारी फेज असते आणि दुसरी स्विचमधून दिव्याकडे जाणारी. काळी न्यूट्रल इथे येतच नाही, ती वरून परस्पर दिव्याच्या होल्डरला गेलेली असते, कारण नुसत्या स्विचला तिची गरज नसते. पंख्याची फेज इथे मिळते, शेजारच्या स्विचवरून लूप मारला की झाले. न्यूट्रल मात्र मिळत नाही.

आणि याच वेळी गीझरच्या सॉकेटमागे हिरवी वायर दिसते.

ती मोकळी दिसते. टेस्टर तिच्यावर पेटत नाही, जसा न्यूट्रलवरही पेटत नाही. वरच्या मजल्यावरचे काका याच सुमारास आवाज ऐकून खाली आलेले असतात आणि आमच्याकडे वीस वर्षे असेच चालू आहे, असे सांगतात. फेज आणि हिरवी यांच्यामध्ये पंखा जोडला जातो, मेन चालू होतो, स्विच दाबला जातो, आणि सबंध घर अंधारात जाते.

घरात आरसीसीबी असेल तरच असे होते, आणि तेच योग्य आहे. आरसीसीबी फक्त जमाखर्च बघतो. फेजने जितका प्रवाह गेला तितका न्यूट्रलने परत आला का, एवढेच. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की खटका पाडतो. चाळीस वॅटचा पंखा २३० व्होल्टवर सुमारे १७० मिलिअँपिअर घेतो, आणि हिरव्या वायरीतून तो सगळाच्या सगळा जमिनीत गेला. हिशेबात एवढी तफावत सोसायटीचे ऑडिटरही सोडत नाहीत.

ज्या घरात आरसीसीबी नाही तिथे पंखा निमूट फिरतो. काकांचा तसाच फिरत होता. ही वायर पुढे कुठे तुटली, तर पंख्याच्या मोटरमधून आलेली वीज तिच्यावर तुंबते आणि त्याच अर्थिंगला जोडलेल्या गीझरच्या पत्र्यावर येऊन बसते. जिने नळाखालच्या माणसाला वाचवायचे, तीच मग वीज त्याच्यापर्यंत आणून पोचवते. हे ऐकून काका वर गेले ते संध्याकाळपर्यंत पुन्हा खाली आले नाहीत.

बरोबर जोडणी कंटाळवाणी आहे. न्यूट्रल दिव्याच्या होल्डरपाशी असते, ती तिथून घ्यायची. दिव्याच्या पाइपात जागा असेल तर आधी स्प्रिंग सरकवून तिच्यामागून एक चौरस मिलिमीटरची वायर ओढायची, नाहीतर भिंतीवरून केसिंगची पट्टी न्यायची. स्विच फेजवरच हवा. तो न्यूट्रलवर बसवला तरी पंखा बंद होतोच, पण मोटरपर्यंत फेज जिवंत राहते, आणि हे दिवाळीच्या साफसफाईत पाती पुसणाऱ्याला कळते. पंख्याचे अंग धातूचे असेल तर हिरवी वायर त्याच्या अर्थच्या स्क्रूला घट्ट बांधायची आणि दुसरे टोक गीझरच्या हिरवीला. ती दुमडून, टेप गुंडाळून पेटीत कोंबायची नाही.

पंखा उलटी हवा टाकू लागला तर दोन वायरींची अदलाबदल करावी, असा सल्ला हमखास मिळतो. त्याने काही होत नाही. एकफेजी एसी मोटर फिरण्याची दिशा फेज कोणत्या टोकाला आहे यावरून ठरवत नाही. ती तिच्या आतल्या गुंडाळ्यांवरून ठरते. हवा आत येत असेल तर बहुधा पंखाच उलटा बसवलेला असतो. कॅलेंडरचे जुने पान जाळीजवळ धरून बघावे. चिकटले तर बरोबर. दार लावल्यावर पान गळून पडत असेल, तर दोष विजेचा नाही. झुरळे येऊ नयेत म्हणून दाराखाली लावलेली रबराची पट्टी, आणि तिच्यावर ओढून घेतलेले पायपुसणे, यांनी आत येणारी हवा अडवलेली असते. आत काहीच येत नसेल तर पंखा बाहेर तरी काय टाकणार? दाराखाली बोटभर फट ठेवावी. मग झुरळांचे काय करायचे, हा निराळा विषय आहे.

स्विच दिव्याबरोबर एकच ठेवू नये. दिवा मालवताच पंखा थांबतो, आणि वाफ तर आंघोळीनंतरच जास्त असते. पंखा पुढे पंधरा-वीस मिनिटे चालायला हवा. म्हणून त्याला वेगळा स्विच देतात. तो बसतो बोर्डावर मोकळी जागा असेल तिथे, आणि मोकळी जागा असते दिवा आणि गीझर यांच्या मधोमध. त्यामुळे पहिले दोन महिने पंखा लावायला जाणारा हात गीझर बंद करतो, आणि आतून त्याची बातमी येते.