पिंकीनं पावसाळा खाल्ला

एडिंबरा, 10 डिसेंबर 2025

ती. आई-बाबांस,

कुकर लावलाय, शिट्ट्या मोजत लिहिते. आई, आम्ही धर्म बदललेला नाही. तू सकाळी आठला फोन केलास तेव्हा इथे रात्रीचे अडीच वाजले होते. मोहर्लीहून एवढ्या रात्री फोन आला की मला आधी वाघच आठवतो. आणि तू विचारतेस काय, तर "चर्चात काहून गेलती?" गोठ्यामागे पगमार्क दिसल्याचं मात्र फोन ठेवता ठेवता सांगितलंस!

तर ऐक. नाताळाआधीचे चार रविवार इथे दर आठवड्याला एकेक मेणबत्ती वाढवत नेतात. दुसऱ्या रविवारी आमच्या गल्लीतल्या चर्चमध्ये मुलांची 'ख्रिस्टिंगल' प्रार्थना होती. प्रत्येक पोराच्या हातात एक संत्रं. संत्रं म्हणजे जग, भोवतीची लाल फीत म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, वरची मेणबत्ती त्याचा प्रकाश, आणि चार काड्यांना टोचलेले मनुके-गोळ्या म्हणजे चार ऋतू. 1747 साली जर्मनीतल्या मोरावियन पंथात मुलांना नुसती फितीची मेणबत्ती दिली होती, संत्रं मागाहून आलं. 1968 साली चिल्ड्रन्स सोसायटीनं ही प्रथा इंग्लंडात रुजवली. प्रार्थना सुरू व्हायच्या आत आमच्या पिंकीनं उन्हाळा आणि पावसाळा खाऊन टाकला. हिवाळा मी वाचवला. इथे तसाही तोच उरतो.

बाबा, "साईटिंग झालं का?" असं तुम्ही विचारणारच. झालं. पाद्री म्हणून बाई होत्या. मी त्यांना ऐकवलं, तुमच्याच स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे अलेक्झांडर वुड आमच्या चांद्यात मिशनरी होते, 1926 साली नागपूरचे बिशप झाले. त्या म्हणाल्या, चांदा कुठे आलं? म्हटलं, ताडोबाच्या अलीकडे.

"नाताळाची गाणी घरी टीव्हीवर पाहायची ना," हा तुमचा सल्ला पोचला. पण इथे टीव्हीवर चालू कार्यक्रम पाहायचा तर लायसन काढावं लागतं. सफारीच्या जिप्सीचं नाही, टीव्हीचं! यंदा, 2025 साली, वर्षाला 174.50 पौंड, म्हणजे वीस हजारांच्या घरात. बीबीसी लावायचं नाही, दुसरंच काही पाहायचं, तरी तेवढेच. मी म्हटलं, आम्ही फक्त बातम्या पाहू, आवाज बंद ठेवू. तसं चालत नाही म्हणे.

अंधांना मात्र निम्मी सूट आहे. ते टीव्हीचं काय करतात हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही असेल तर एक तृतीयांशात भागतं, म्हणून ह्यांनी सगळी जुनी दुकानं पालथी घातली. एक सापडला, पण अँटिक म्हणून लायसनपेक्षा महाग. चर्चमध्ये तीच गाणी फुकट, वर चहा. आता सांग, काहून गेलती?

संत्रं घरी आणून सोललं. स्पेनचं होतं. साल सुटेना, आत बी नाही आणि चवही नाही. आंबिया बहार संपत आला असेल ना गं? बापू अजून नागपूरहून टोपली आणतो का? शेकोटीत साली टाकायचो आणि तू ओरडायचीस. नखात वास राहिला होता, म्हणून त्या रात्री भांडी मी सकाळवर टाकली.

मामानं नाताळासाठी होमस्टेचं भाडं दुप्पट केल्याचं कळलं. सोयऱ्यांना तरी सोड म्हणावं. बापूची सोयरीक पुन्हा मोडली? पोरगी वाघाला भ्यायली की बापूच्या घोरण्याला? बाबांचा गुडघा दाखवायला मंगळवारीच चंद्रपूरला न्या, ताडोबाचं गेट बंद असतं, म्हणजे "गाडी आहे" ही सबब चालायची नाही. संध्याकाळी गोठ्याकडे एकटं कुणी जाऊ नका.

आणि "पोरगी बाटली" असं मावशीनं गावभर केलंय ना? तिचा गुड्डू मागच्या नाताळात रिसॉर्टात सांताक्लॉज होऊन नाचला होता. फोटो माझ्याकडे आहे. तिला सांग, मी अजून कुणाला पाठवलेला नाही.

तुमची,
छोटी