मुखपृष्ठावरील वजनदार छायाचित्रास अनावृत पत्र

प्रति,
संकेतस्थळांच्या मुखपृष्ठांवर विराजमान झालेले महामहिम छायाचित्र यांस,
अल्प डेटा-पॅकवर गुजराण करणाऱ्या वाचकवर्गाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, महाविद्यालयाच्या प्रवेशाची मुदत वा नगरपरिषदेच्या कार्यालयाची वेळ पाहण्यासाठी आलेल्या वाचकाने प्रथम आपली वाट पाहावी, आणि कंटाळून तो खालची ओळ वाचू लागताच आपण अवतरून ती ओळ पडद्याबाहेर ढकलावी, ही जी शिस्त सर्वत्र रूढ झाली आहे, तिचा यथोचित गौरव अद्याप कोणी केलेला नाही.

आपल्या थोरवीचे माप काढणे अवघड नाही. ४००० रुंद व ३००० उंच अशा छायाचित्रात १ कोटी २० लाख चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल असतात. प्रत्येकाच्या लाल, हिरव्या व निळ्या अंशासाठी एकेक बाइट धरल्यास हा ऐवज सुमारे ३६ मेगाबाइटांचा होतो. तरीही आपण चार-पाच मेगाबाइटांतच दर्शन देता, याचे श्रेय १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेग पद्धतीस आणि तिच्या मुळाशी असलेल्या, बंगळूरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी नटराजन व राव यांच्यासह १९७४ मध्ये मांडलेल्या ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती रूपांतरास आहे. या पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ चित्रबिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील संथ बदल आणि बारीक तपशील वेगळे केले जातात, व डोळ्यास फारसा न जाणवणारा तपशील कायमचा टाकून दिला जातो. अशा संकोचनास ‘लॉसी’ म्हणतात.

पुढे सप्टेंबर २०१० मध्ये गूगलने वेबपी हे स्वरूप जाहीर केले. व्हीपी-८ या चलच्चित्र-पद्धतीतील एका चौकटीचे तंत्र त्यात वापरले असून, चित्राचा प्रत्येक तुकडा आधी उलगडलेल्या शेजारच्या तुकड्यांवरून कसा असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज व वास्तव यांतील फरक तेवढा नोंदवायचा, हे त्याचे सूत्र आहे. गूगलच्याच मोजणीनुसार तुल्य दर्जाचे चित्र त्यामुळे जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान होते. अॅपलच्या सफारी ब्राउझरने ते २०२० मध्ये स्वीकारले; तोपर्यंतची दहा वर्षे ‘अजून सगळीकडे चालत नाही’ ही सोयीस्कर सबब आपल्या पदरी असलेल्या संचालकांना पुरली. दरम्यान २०१९ मध्ये एव्ही-१ या दुसऱ्या चलच्चित्र-पद्धतीवर आधारलेले, पुष्कळदा आणखी लहान फाइल देणारे एव्हीआयएफ हे स्वरूपही आले, परंतु आपले आसन ढळले नाही.

ते ढळत नाही याचे कारण आपल्या परिवाराच्या रूपांतरविधीत आहे. काही संचालक फाइलच्या नावातील ‘जेपीजी’ खोडून तेथे ‘वेबपी’ लिहितात. ब्राउझर बहुधा आरंभीचे बाइट पाहून फाइलचे खरे कूळ ओळखतो व मुकाट्याने चित्र दाखवतो, त्यामुळे वजन आणि संचालकांचे समाधान दोन्ही अबाधित राहतात. काही जण गुणवत्तेचा आकडा १०० वर नेऊन रूपांतर करतात. इतर काही, आधीच दोनदा पिळून निघालेले जेपेग पुन्हा वेबपीत घालतात. तेव्हा जुन्या संकोचनाने उमटलेले चौकोनी डागही नवे स्वरूप इमानाने जपू पाहते, गेलेला तपशील परत येत नाही, आणि प्रसंगी फाइल पूर्वीपेक्षा जडच होते. रूपांतर मूळ छायाचित्रावरून करावे आणि मूळ प्रत जपून ठेवावी, हा साधा नियम या विधीत बसत नसावा.

तथापि आपल्या वैभवाचे खरे रहस्य स्वरूपात नसून मापात आहे. वाचकाचा भ्रमणध्वनी १०८० चित्रबिंदू रुंद असेल, तर त्यावर आपले केवळ १०८० गुणिले ८१०, म्हणजे ८,७४,८०० चित्रबिंदू मावतात, आणि हा आपल्या मूळ ऐश्वर्याचा जेमतेम चौदावा भाग होय. बाकीचे तेरा भाग वाचकाच्या खर्चाने येतात आणि पडद्यावर न दिसताच विरून जातात. पानाच्या मांडणीत रुंदी कमी लिहिल्याने आपण लहान दिसता, पण फाइल अखंडच उतरते. एकाच चित्राच्या निरनिराळ्या रुंदीच्या प्रती ठेवून योग्य ती निवडण्याचे काम ब्राउझरवर सोपवण्याची सोय एचटीएमएलमध्ये कधीचीच आहे. पण स्वरूप बदलून सुमारे तिसरा हिस्सा वाचवण्याची चर्चा ज्या बैठकीत रंगते, तेथे माप कापण्याचा विषय काढणे बहुधा शिष्टाचारास धरून नसते.

आपले धाकटे बंधू, म्हणजे छायाचित्ररूपाने प्रसिद्ध होणारे मराठी परिपत्रक, यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असे व दुसऱ्या संगणकावर त्याची रोमन चिन्हांची खिचडी होई, म्हणून त्याचे चित्र करणे हा त्या काळी शहाणपणा होता. आता यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे दोन हजार चिन्हांचे परिपत्रक सहा हजार बाइटांत संपते. तरीही ते स्कॅन करून काही शे किलोबाइटांचे केले जाते, जेपेगमुळे अक्षरांच्या कडांभोवती करडी धूळ जमते, शोधयंत्रास त्यातील शब्द सहसा सापडत नाहीत आणि दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली तेथे मूक होते. अशा चित्राचे वेबपी करणे म्हणजे वाचता न येणारा मजकूर अधिक वेगाने पोहोचवणे होय.

सबब नम्र विनंती अशी की, आपण प्रथम जागेच्या मापाचे व्हावे, मग स्वरूप बदलावे, बोधचिन्हासारख्या रेखाकृतींची जागा एसव्हीजी या रेखाचित्र-स्वरूपास द्यावी, आणि अक्षरांना अक्षरेच राहू द्यावे.

कळावे, लोभ असावा. वजन मात्र उतरावे.

आपला आज्ञाधारक,
वाचकवर्ग

ता. क. सदर पत्र युनिकोड मजकुरात असून त्याचे वजन २० किलोबाइटांहून कमी आहे. प्रसिद्धीसाठी ते छापून, शिक्का मारून व स्कॅन करून संकेतस्थळावर चढवू नये.