बेचाळीसची जीप

मला वय ओळखता येत नाही. लग्नाच्या पंगतीत मी वहिनींना काकू आणि काकूंना आजी म्हणून मोकळा होतो, ‘आत्ताच तोडलीय’ म्हणून गळ्यात मारलेली परवाची मेथी आनंदाने घरी आणतो, आणि पुतणीला बघायला मंडळी आली तेव्हा तर मुलगा समजून त्याच्या मामाशी पाऊण तास पगार, बढती आणि पुढचे बेत यांवर बोलत बसलो होतो. मामा खूश होते. असा माणूस जुन्या जीपचं साल ओळखायला निघाला तेव्हा घरच्यांनी बाहेरून कडी लावायला हवी होती. हिने डबा भरून दिला.

त्याचं असं झालं, की निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना नोकरीने मला बिजौलीला आणून टाकलं. झाशीहून ललितपूरच्या रस्त्याला लागलं की शहर संपतं आणि बिजौलीची औद्योगिक वसाहत सुरू होते. पुढे खैलारला भेलचा कारखाना, त्याच्याही पुढे बबिन्याची छावणी. झाशीत मराठी माणसाला तसं परकं वाटत नाही. नेवाळकरांचं गाव, 1842 मध्ये राणीचं लग्न लागलं ते गणेश मंदिर अजून जागेवर, आणि त्या गणपतीपुढे ‘कुठले तुम्ही?’ विचारणारी मराठी मंडळीही जागेवर. पण संध्याकाळी बिजौलीत करायचं काय? मी रस्त्याच्या कडेला उभा राहून लष्कराच्या गाड्या बघायला लागलो. त्यातलं मला काही कळत नव्हतं, म्हणून मोठ्या आवाजात बोलायला लागलो. एकदा एका समारंभात मांडून ठेवलेल्या जोंगाकडे बोट दाखवून मी सहकाऱ्यांना विलीज जीपचा सगळा इतिहास सांगितला. जोंगा म्हणजे निस्सानच्या ‘पट्रोल’ गाडीची जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनणारी आवृत्ती, पुढे सहा सिलिंडरचं इंजिन, 1999 पर्यंत ती निघत होती. हे सगळं गाडीशेजारच्या पाटीवर लिहिलेलं होतं. मी पाटीला टेकून उभा होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज चार पैसे बाळगून असतो. पण जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम काढला. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या, मुळात फारसा बदल न केलेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळा नंबर मिळायचा, त्यात व्ही-ए अशी अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5,000. रोजच्या कामाला ती गाडी वापरायची नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, तेलपाणी एवढ्यासाठीच बाहेर काढायची. ही शेवटची अट वाचून मला भरून आलं. जी गाडी रोज चालवायची नाही, ती मला नक्की चालवता येईल.

आणि एका वर्कशॉपच्या मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, अंगावर दोन कोंबड्या वागवत ती उभी होती. विकणाऱ्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, त्याला वयं ओळखता येत असावीत, आणि म्हणाला, “सन बयालीस की है, बाबूजी. लड़ाई की.”

मी लगेच फसलो असं समजू नका. मी आधी अभ्यास केला आणि मग फसलो. एक वही केली. वहीत होतं ते आजही बरोबरच आहे: दुसऱ्या महायुद्धातली जीप दोन कंपन्यांनी बनवली, विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू, दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर. या जुळ्या बहिणी. अगदी सुरुवातीच्या विलीजला पुढे लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी असे. मग फोर्डची पत्र्यात ठोकून काढलेली नऊ फटींची जाळी दोघींनी घेतली. ओळखायच्या खुणा पोटाखाली: रेडिएटरच्या खालचा चेसिसचा आडवा दांडा विलीजला गोल नळीचा, फोर्डला उलट्या पन्हळीसारखा. शिवाय फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा एफ अक्षर उमटवलेलं. लढाई संपल्यावर 1945 मध्ये विलीजने सामान्य लोकांसाठी सीजे-टू-ए काढली, तिचे दिवे मोठे झाले आणि जाळीच्या फटी सात झाल्या. म्हणजे नऊ फटी असतील तर लढाईची, सात असतील तर नंतरची. इतकं सोपं.

मी मोजल्या. नऊ भरल्या. दोन्ही बाजूंचे हेडलाइट धरून.

लढाईच्या जीपची पुढची काच दोन भागांत असते, असंही वहीत होतं. माझ्या जीपची काच एकच होती, पण तिला मधोमध वरपासून खालपर्यंत तडा गेलेला होता, आणि मी त्यापुढे बरोबरची खूण केली. स्टिअरिंग डावीकडे, मागच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’. आता आणखी काय पाहिजे? आपल्याकडे मुंबईत माझगावला महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास विलीजच्या जीपा जुळवायला घेतल्या आणि पुढे कितीतरी वर्षं त्याही डावीकडूनच चालवाव्या लागत, हे वहीच्या पुढच्या पानावर होतं. पान चिकटलेलं होतं. त्या दिवशीच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती.

सगळ्यात जास्त मोह मला दिव्यांचा पडला. लढाईच्या जीपचे हेडलाइट बिजागरीवर बसवलेले असतात. रात्री इंजिन बिघडलं तर बॉनेट उघडायचं, दिवा उलटा फिरवायचा, की उजेड इंजिनावर पडतो. केवढी ही दूरदृष्टी! मी गाडी घरी आणली त्या संध्याकाळी शेजारच्या मंडळींना जमवलं, बॉनेट उघडलं, थोडं भाषण केलं आणि दिवा फिरवला. तो फिरेना. ऐतिहासिक गंज असणार, असं मी म्हणालो आणि जोर लावला, तसा तो सुटून माझ्या हातात आला, मागोमाग दोन वायरी आल्या, वायरींच्या मागोमाग हॉर्न वाजायला लागला आणि वर्कशॉपचा मिस्त्री येऊन बॅटरीची तार उपटेपर्यंत वाजत राहिला. उजेड मात्र पडला नाही.

मग पंपावरचा प्रसंग. लढाईच्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, तेल भरायचं तर सीट उचलावी लागते. मी झाशीच्या वाटेवरच्या पंपावर रुबाबात उतरलो, मागे यूपी-93 च्या मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर अशी रांग, आणि गादी उचलली. खाली शेंगदाण्याची टरफलं, एक पाना, विड्यांचं बंडल आणि उंदराची पाच पिल्लं होती. टाकी नव्हती. मी दुसरी सीट उचलली, मागचं बाकडं उचललं, खालची सतरंजी काढली, आणि एव्हाना जीपचं बरंचसं सामान पंपाच्या फरशीवर मांडून झालं होतं. तेव्हा ट्रॅक्टरवरचे आजोबा खाली उतरले, जीपला वळसा घालून आले आणि बाहेरच्या पत्र्यावरचं झाकण फिरवून म्हणाले, “इतै है, भैया.” पंपावरच्या पोराने विचारलं, “डीज़ल?” मिस्त्रीने डिझेलच भरायला बजावलं होतं, म्हणून मी हो म्हणालो.

युद्धातली प्रत्येक जीप पेट्रोलवर चालायची. हेही वहीत होतं.

एवढं होऊनही माझी श्रद्धा ढळली नाही, कारण मधल्या काळात मला एक एफ सापडला होता. रविवारभर मी गाडीखाली उताणा पडून रॉकेलच्या बोळ्याने एकेक बोल्ट पुसत होतो. बहुतेकांवर काहीच नव्हतं, एकावर ई दिसली ती चिखलाची निघाली, आणि डाव्या मडगार्डच्या एका बोल्टवर मात्र स्वच्छ, ठसठशीत एफ. मी इतक्या आनंदाने उठून बसलो की कपाळाला टेंगूळ आलं. हिने हळद लावली आणि विचारलं, “बाकीच्या बोल्टांवर काय आहे?” बायकांना इतिहासाची दृष्टी नसते, असं मी मनातल्या मनात म्हणालो. मनातल्या मनातच.

शेवटी गणपतीच्या देवळात ओळख झालेले एक निवृत्त सुभेदार घरी आले. मूळचे साताऱ्याकडचे, नोकरी लष्कराच्या ईएमईत, म्हणजे सगळा जन्म गाड्यांच्या पोटाखाली. मी त्यांना चहा दिला, वही दिली आणि अभिप्रायाची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी वही उघडलीच नाही. लांबूनच जीपकडे बघून म्हणाले, “बॉनेट एवढं उंच का हो, साहेब?”

मी म्हणालो, रुबाबासाठी.

त्यांनी बशीत चहा ओतला आणि मला समजावून सांगितलं. लढाईच्या जीपच्या इंजिनाच्या झडपा बाजूला, म्हणून इंजिन बुटकं आणि बॉनेट सपाट. नंतरच्या हरिकेन इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा डोक्यावर गेल्या, इंजिन उंच झालं आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून 1953 मध्ये विलीजने बॉनेटच वर उचललं. तीच सीजे-थ्री-बी. अमेरिकेत ती 1968 मध्ये बंद झाली, पण महिंद्राने आपल्याकडे तोच चेहरा पुढे कितीतरी वर्षं चालवला. “त्यामुळे नुसत्या तोंडावरून साल सांगणारा माणूस भेटला,” सुभेदार म्हणाले, “तर त्याच्याकडून काही घ्यायचं नाही.” मी घेऊन बसलो होतो.

मग त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटखाली डोकावून म्हणाले, इंजिन प्यूजोचं डिझेल. महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोशी करार केला 1979 मध्ये, म्हणजे हे त्याच्या नंतरचं. बंपर इथल्याच वेल्डरचा, फार तर गेल्या दिवाळीचा. मागची फळी तिसऱ्याच गाडीची, तिच्या भोकांत हिचे बोल्ट बसत नाहीत म्हणून सुतळी. लष्करी गाडीच्या नंबरात बाणानंतरचे दोन आकडे खरेदीचं साल सांगतात. माझ्या जीपवरही बाण आणि पुढे 42 होतं, त्यावरून सुभेदारांनी बोट फिरवलं. बोटाला रंग लागला.

“आणि तो एफ?” मी क्षीण आवाजात विचारलं. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हा मात्र फोर्डचा आहे. अस्सल.” मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, हओ, मडगार्ड खडखडत होता म्हणून भंगाराच्या डब्यातून एक घट्ट बसणारा शोधून लावला, गाडी तुम्हाला द्यायच्या आदल्या दिवशी.

आता आरसी बुक. ते मी तोवर उघडलं नव्हतं, कारण कागदावर विसंबून राहणं खऱ्या जाणकाराला शोभत नाही. त्यात पहिली नोंदणी 1971 ची. मी उडीच मारली. पन्नास वर्षं तर झाली होती, व्ही-ए नंबरचा रस्ता मोकळा होता! सुभेदारांनी चष्मा लावून खालची ओळ वाचली: इंधन पेट्रोल. बाहेर जीप डिझेलवर धडधडत होती. इंजिन बदललेलं, ते कागदावर चढवलेलं नाही, बॉडी तीन गाड्यांची. मुळात बदल न केलेली म्हणून हिला कोण दाखला देणार? उलट असं इंजिन घालून रस्त्यावर फिरवता म्हणून पकडतील, ते वेगळंच.

त्या रात्री स्वतःचं सांत्वन करायला मी इतिहासाकडे वळलो. जुन्या जीपांच्या खरेदीत हात पोळलेला मी पहिला नव्हे. 1948 मध्ये लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी परदेशी कंपनीकडून जीपा घेण्याचा करार केला, बरेचसे पैसे आधीच दिले गेले, 155 जीपा येऊन पोचल्या आणि त्यांच्या अवस्थेवरून संसदेत वादळ उठलं. 1955 मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी हे प्रकरण सरकारपुरतं संपल्याचं जाहीर करून टाकलं. मी हे हिला वाचून दाखवलं. आमच्या घरचं गृहखातं इतकं उदार नाही. आमचं प्रकरण रोज जेवताना नव्याने उघडतं.

तरी वाचकहो, तुमच्यापैकी कोणाला हौस असेल तर बिजौलीला या. जीप विकायची आहे. डाव्या हाताचं स्टिअरिंग, डिझेल इंजिन, पेट्रोलचे कागद, एक हेडलाइट पिशवीत वेगळा, एक बोल्ट अस्सल फोर्डचा. मिस्त्री सांगेल ते साल धरू नका, मी सांगेन ते तर मुळीच नाही. येताना सुभेदारांना घेऊन येऊ नये, एवढीच विनंती.