तात्यांचा स्वस्त शब्द

दसऱ्याला सकाळी दादरच्या फुलबाजारात झेंडूला जो भाव असतो, तो तात्यांनी जन्मात कधी दिलेला नाही. ते दुपारी जेवून, वामकुक्षी आटोपून परळहून चालत निघतात. तोवर फुलवाल्यांना उरलेला माल जड झालेला असतो. पाच वाजता तात्यांच्या दाराला तोरण लागतं आणि तेही मजल्यावरचं सगळ्यात घसघशीत. "मुहूर्त सगळ्यांचा एकच, म्हणून भाव चढतो. आपण जरा बाजूला उभं राहायचं," हे त्यांचं अर्थशास्त्र. असा एक तात्या इथल्या प्रत्येक चाळीत असतो. आमच्या तात्यांना इंटरनेट सापडलं, एवढाच फरक.

निवृत्तीपूर्वी ते गिरगावात एका एजंटाकडे वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती घ्यायचे. दर शब्दामागे. कुणी 'घरकामात हुशार असलेली मुलगी पाहिजे' असं लिहून आणलं की तात्यांचं लाल पेन बाहेर यायचं. 'गृहकृत्यदक्ष' केलं की तीन शब्दांचा एक! समासाच्या जोरावर त्यांनी कितीतरी लग्नं स्वस्तात जमवली.

त्यामुळे लालबागच्या मिरची गल्लीत मसाल्याचं दुकान असलेल्या भाच्याने गूगलच्या जाहिरातींचा विषय काढला, तेव्हा तात्यांना फार समजवावं लागलं नाही. "म्हणजे शब्दांचा लिलाव," ते म्हणाले. ही कल्पना १९९८ साली अमेरिकेत बिल ग्रॉसच्या 'गोटू'ने आणली आणि २००० साली गूगलने 'अ‍ॅडवर्ड्स' काढलं, हे त्यांना आता तोंडपाठ आहे. दोघांनीही आपल्याला विचारलं नाही, याचा बारीक रागही आहे.

संध्याकाळी गॅलरीत भाच्याचा जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन तात्या 'कीवर्ड प्लॅनर' वाचतात. मोठ्याने. कोणता शब्द महिन्याला साधारण किती जण शोधतात, चुरस कमी की जास्त, वरच्या जागेसाठी बोली किमान किती, कमाल किती. 'गृहकर्ज' आणि 'विमा' यांच्या बोली पाहून ते कानाला हात लावतात. "हा पेडर रोड झाला. आपण नायगावात खोली बघू."

आणि माणूस चुकीचं बोलत नाही, हे मला मान्य करावंच लागतं. नुसता 'मसाला' शब्द धरला तर गाठ मोठमोठ्या कंपन्यांशी. शिवाय रेसिपी शोधणारे, नोकरी शोधणारे, उगाच बोट लावणारे. क्लिकचे पैसे मात्र प्रत्येकाचे. उलट 'डंखावर कुटलेला मालवणी मसाला एक किलो' एवढं टाइप करणारा पिशवी घेऊनच निघालेला असतो. असे लोक थोडे, म्हणून शब्द स्वस्त. त्यातही नुसती बोली मोठी असून भागत नाही. जाहिरात आणि दुकानाचं पान त्या शब्दाला किती लागू पडतं, हेही गूगल बघतं. हे कळलं तेव्हा तात्यांना गहिवरून आलं. पैशापुढे अक्कल मोजणारा लिलाव त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

मग आला भाद्रपद. गणपती गेले की लोक मटणावर तुटून पडणार, त्याआधी जाहिरात हवी, असा हिशोब. तात्यांनी जूनमध्येच एक शब्द हेरून ठेवला होता: 'लालबाग'. चुरस कमी, बोली किरकोळ. जुळणी ठेवली 'ब्रॉड', म्हणजे आसपासचे शब्दही आपलेच. शीर्षकाला ३० अक्षरांची मुभा. कमी लिहिलं म्हणून तिथे दमडी सुटत नाही, पण हाताची सवय! 'मसाला' हा शब्द दुकानाच्या नावात आहेच, तो पुन्हा कशाला, म्हणून उडवला. उरलं ते असं: 'लालबागचा, थेट तुमच्या घरी'.

१९३४ पासून लालबागचा राजाच थेट घरी यावा अशी लोकांची इच्छा असते, हे तात्यांना कुणी सांगायला हवं होतं असं नाही. दिवसाचं बजेट सकाळच्या आरतीच्या आत संपू लागलं. कुठल्या कुठल्या शहरांतले भाविक हात जोडून क्लिक करत आणि समोर संकेश्वरी मिरचीचे भाव बघून परत जात. एकाने दुकानात फोन करून मुखदर्शनाची रांग कुठून सुरू होते ते विचारलं. भाच्याने ती सांगितलीही.

उपाय सोपा होता. नको असलेल्या शब्दांची वेगळी यादी देता येते. तिला 'निगेटिव्ह कीवर्ड' म्हणतात. तात्या टाइप करत होते आणि सवयीने मोठ्याने वाचत होते: "दर्शन, नको. रांग, नको. राजा, नको..."

काकू स्वयंपाकघरातून पळी घेऊनच बाहेर आल्या. "अहो, राजाला नको म्हणताय? भर गणपतीत?"

"अगं, तो तांत्रिक भाग आहे."

"नवस फेडायला मी जायचं आणि तुम्ही तांत्रिक भाग करायचे!"

'राजा' यादीत राहिला. पण विसर्जन होईपर्यंत लॅपटॉप कपाटात आणि तात्या गॅलरीत नुसतेच.

अनंत चतुर्दशीनंतर ते शहाणपणाने गल्लीबोळात शिरले. सीकेपी मसाला, आगरी मसाला, पाठारे प्रभूंचा सांबार. मुंबईत जितक्या जाती तितके मसाले आणि तितकेच स्वस्त शब्द. एक शब्द तर इतका स्वस्त निघाला की प्लॅनरने शोधणाऱ्यांचा आकडाच दाखवला नाही. तात्यांना कोण आनंद! भाच्याने विचारलं, "मामा, पण कुणी शोधतच नसेल तर?" तात्यांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

शेवटी फळला तो 'बॉटल मसाला'. खोताच्या वाडीतल्या ईस्ट इंडियनांचा; उन्हाळ्यात कुटून बिअरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरतात तो. शोधणारे मोजके, पण शोधणारा घेतोच. दुसऱ्याच आठवड्यात वसईहून एका बाईंचा फोन आला. तात्यांनी स्वतः घेतला. बाईंनी मिरच्या कोणत्या, भाजणी कशी, कुटणार कोण, सगळं विचारलं, भाव ऐकला आणि म्हणाल्या, "बाटली मी घरून आणते. मग किती कमी कराल?"

तात्यांनी फोनवर हात ठेवला आणि भाच्याला म्हणाले, "दोन किलोची ऑर्डर लिहून घे. दहा रुपये सोड. बाई आपल्यातल्या आहेत."