नॉटिंगहॅमचे भालेराव

आमच्या शेजाऱ्यांचं खरं नाव चारचौघांसारखं साधं इंग्रजी आहे, पण आमच्या घरात ते नाव कुणी घेत नाही. घरात ते ‘भालेराव’. हे बारसं माझ्या बायकोने केलं आणि त्या ओघात त्यांच्या पत्नी भालेराववहिनी झाल्या. दोघांनाही याचा पत्ता नाही. कळलं तर वहिनी हसतील. भालेराव मात्र गंभीरपणे विचारतील, “कोणता भाला? घोडदळाचा की पायदळाचा?”

नॉटिंगहॅम म्हटलं की आपल्याला रॉबिन हूड आठवतो आणि ट्रेंट ब्रिजचं मैदान आठवतं. भालेरावांच्या पंथातली माणसं हे गाव वेगळ्याच कारणासाठी ओळखतात. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या याच परिसरात आहेत. असे सैनिक टेबलावर मांडायचे, टेपने इंच मोजत पुढे सरकवायचे, फासे टाकायचे आणि दोन हजार वर्षांपूर्वी निकाल लागलेली लढाई पुन्हा लढायची, असा हा छंद. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली या खेळावर पुस्तक लिहिलं, हे भालेराव पहिल्याच भेटीत सांगतात. म्हणजे समोरचा माणूस ‘म्हातारा खेळण्यांशी खेळतो’ असं म्हणायला धजावत नाही. ‘खेळणी’ हा शब्द त्या घरात वर्ज्य आहे. ‘मॉडेल’ म्हणायचं.

भालेराव जन्मभर विम्याच्या कचेरीत होते. निवृत्त झाले आणि थेट अलेक्झांडरच्या चाकरीत लागले. त्याच्या फौजेतही त्यांचा जीव एकाच तुकडीवर, हेटाइरोई म्हणजे राजाच्या सोबत्यांच्या घोडदळावर. अलेक्झांडर आशियात उतरला तेव्हा हे स्वार सुमारे १८०० होते. भालेराव ज्या जुन्या नियमांनी खेळतात त्यांत एक मॉडेल म्हणजे वीस माणसं. म्हणजे नव्वद स्वार रंगवले की काम संपलं. पण ते संपत नाही. साठाव्या स्वारापर्यंत आले की पहिल्या दहांचं काहीतरी चुकलंय असं त्यांच्या लक्षात येतं आणि ते दहा पुन्हा पांढरे होतात.

चुकलेलं असतं ते बहुतेक वेळा भाल्याचं. या घोडदळाचा भाला म्हणजे झिस्टॉन. कॉर्नेल नावाच्या झाडाच्या चिवट लाकडाचा, पुढे लोखंडी पातं आणि मागच्या टोकालाही अणी, म्हणजे पुढून मोडला तर उलटा धरून लढता यावं. लांबी किती, याचा आकडा कुणी जुना लेखक देत नाही आणि इथे भालेरावांचा संसार सुरू होतो. साडेतीन मीटर धरले तर २८ मिलिमीटरच्या स्वाराच्या हाती सुमारे ५८ मिलिमीटरची तार यायला हवी. कंपनी देते तो भाला प्लास्टिकचा, मऊ, उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा वाकलेला. भालेराव तो कापतात, स्वाराच्या मुठीला बारीक ड्रिलने भोक पाडतात आणि पोलादी तार ओवतात. तार खरोखर टोचते. फाशांच्या डबीशेजारी त्यांनी बँडेजपट्ट्यांची डबीच ठेवली आहे. पाहुण्याच्या बोटातून रक्त आलं की ते हळहळतात, पण चेहऱ्यावरचं समाधान लपत नाही. मॅसेडोनियन घोडदळ अजून कामाचं आहे म्हणायचं.

“पुरावा काय?” हा त्यांचा लाडका प्रश्न. तो ते विद्वानांना विचारतात, दूधवाल्याला विचारतात, हवामानखात्याला विचारतात. भाल्याचा त्यांच्याकडचा मोठा पुरावा म्हणजे पॉम्पेईत सापडलेलं, आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेलं अलेक्झांडरचं मोझेक. त्यात अलेक्झांडर डावीकडून भाला घेऊन येतो, आणि नेमका डावीकडचाच बराच भाग गळून पडला आहे. इ.स. ७९ साली व्हेसुव्हियसने शहर गाडलं याचं भालेरावांना दुःख आहेच. पण या चित्राची डावी बाजू गेली, हा त्यांना वैयक्तिक अन्याय वाटतो.

भाला खांद्यावरून मारायचा की काखेखालून, हा दुसरा न संपणारा विषय. माझी आई इथे आली असताना त्यांनी तिला हे प्रात्यक्षिकासह समजावलं. सोफ्याच्या हातावर मांड टाकून बसले, कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू देतात तो बांबू हातात घेतला आणि म्हणाले, “रिकीब नाही, खोगीर नाही, खाली फक्त एक कापड. आता धडक मारली तर मी मागे फेकला जाईन की नाही?” आईला इंग्रजी जेमतेम कळतं. ती एवढंच म्हणाली, “अहो, पडाल ना!” भाषांतर करायची गरजच पडली नाही. भालेराव खूश झाले. त्यांच्या मते मुद्दा एका वाक्यात पकडणारी ती पहिली व्यक्ती. त्यानंतर त्यांनी खालून खुपसणं आणि वेळीच भाला सोडून देणं दाखवलं. सोडलेला बांबू दिव्याच्या शेडमध्ये गेला. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, बांबू उचलला आणि एकही शब्द न बोलता बागेत ठेवून आल्या.

रिकीब हा तर त्यांचा जन्मशत्रू. अलेक्झांडरच्या काळात रिकीब नव्हती, घोड्यांना नाल नव्हते. जावयाने एका नाताळला कौतुकाने पितळी अलेक्झांडर भेट दिला. घोड्यावर ऐटीत बसलेला, पाय रिकिबीत. भालेरावांनी तोंड भरून आभार मानले, पुतळा दिवाणखान्यात मांडला. दुसऱ्या दिवशी जावयाला काही वेगळं जाणवलं नाही. पण कानशीच्या खाली पितळेचा भुगा पडला होता आणि अलेक्झांडरचे पाय मोकळे लोंबत होते.

शिरस्त्राणाच्या बाबतीत सुदैवाने पुरावा शाबूत आहे. रुंद, खाली वळलेल्या कडेचं बोएशियन शिरस्त्राण घोडेस्वाराने वापरावं, कारण ते डोकं राखतं आणि नजर अडवत नाही, असं ग्रीक लेखक झेनोफनने लिहून ठेवलंय. तसं एक टायग्रिस नदीत सापडलं, ते ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. भालेराव अधूनमधून त्याच्या भेटीला जातात. वहिनी तेवढ्या वेळात तिथल्या वनस्पती उद्यानात फिरून येतात. या दोघांचं एकमत असलेला एकच माणूस म्हणजे रॉबिन लेन फॉक्स. अलेक्झांडरचे मोठे अभ्यासक म्हणून भालेराव त्यांना मानतात आणि वर्तमानपत्रात बागकामाचं सदर लिहिणारे म्हणून वहिनी मानतात. कित्येक वर्षं दोघांना वाटत होतं की ही दोन वेगळी माणसं आहेत. २००४ सालच्या ‘अलेक्झांडर’ चित्रपटाला सल्ला देण्याच्या बदल्यात या प्राध्यापकांनी घोडदळाच्या धडकेत पुढे दौडू देण्याची अट घातली होती. भालेरावांना दुसऱ्या कुणाच्या पैशाचा, घराचा, गाडीचा कधी हेवा वाटला नाही. या एका गोष्टीचा वाटतो.

रंगाची तर गंमतच. अलेक्झांडरने आपल्या सोबत्यांना जांभळ्या काठाचे झगे दिले होते. समुद्री गोगलगायींपासून काढलेला तो जांभळा नेमका कसा, यावर त्यांच्याकडे रंगाच्या बाटल्यांची रांग आहे आणि एकही बरोबर नाही. एका लग्नाला निघालो असताना फाटकाशी त्यांनी माझ्या बायकोची पैठणी पाहिली आणि जागीच थबकले. “एक मिनिट!” आत गेले, घोडेस्वार घेऊन आले आणि तिच्या काठाला लावून पाहिला. बायको अंग चोरून उभी राहिली. मुहूर्त टळायची वेळ आली होती. पण तेव्हापासून अलेक्झांडरचे सोबती येवल्याचा काठ मिरवतात, आणि ती हे प्रत्येक हळदीकुंकवाला सांगते.

एवढं सगळं करून लढाईत काय होतं? भालेराव हरतात. शनिवारी जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड पसरतं. रविवारी दुपारच्या जेवणाआधी टेबल मोकळं हवं, हा वहिनींचा तह. समोरचा गडी दुकानातून आणलेले, जेमतेम रंगवलेले इराणी घेऊन येतो आणि धडाधड षटकार टाकतो. भालेरावांना एक पडतो. नवीन रंगवलेली तुकडी पहिल्या लढाईत पळ काढणार, अशी या पंथात म्हणच आहे. भालेराव ती दर वेळी खरी करतात. अलेक्झांडर त्यांच्या टेबलावर ग्रॅनिकसलाच इतक्यांदा मेला आहे की इसस, गॉगामेला वगैरे पुढचा इतिहास घडायलाच नको. हरल्यावर ते चहा ओततात आणि शांतपणे म्हणतात, “पण भाले बरोबर होते.”

त्या ग्रॅनिकसच्या लढाईत, इ.स.पू. ३३४ मध्ये, अलेक्झांडरचा भाला मोडला. सेवकाकडे मागितला तर त्याचाही मोडलेला. शेवटी डेमारेटस नावाच्या सोबत्याने स्वतःचा काढून दिला. भालेरावांनी यातला प्रत्येक माणूस बनवला आहे, मोडक्या भाल्याच्या सेवकासकट. क्लायटसही आहे. याने त्याच लढाईत अलेक्झांडरवर उगारलेला हात छाटून त्याचा जीव वाचवला, आणि सहा वर्षांनी समरकंदला दारूच्या भरात अलेक्झांडरने याच क्लायटसला भाला मारून ठार केलं. म्हणून लढाई संपली की सगळे एका पेटीत जातात, क्लायटस वेगळ्या पेटीत. “रात्रभर दोघांना एकत्र ठेवणं बरं दिसत नाही,” असं ते खालच्या आवाजात सांगतात. त्या बोलण्यावर हसायला मला कधी जमलं नाही.

दिवाळीत आमच्या मुलाने मागच्या अंगणात किल्ला केला. भालेराव कुंपणावरून बराच वेळ पाहत होते. शेवटी राहवलं नाही. “स्केल काय धरलंय?” मावळा दरवाजापेक्षा उंच, तोफ मावळ्यापेक्षा लहान आणि सिंहासनावरचे महाराज अख्ख्या बालेकिल्ल्याएवढे. मुलगा म्हणाला, “महाराज आहेत, मोठेच असणार.” भालेरावांनी विचार केला आणि मान डोलावली. पुरावा मागितला नाही. मग खाली वाकून एका मावळ्याचा हात निरखला आणि माझ्याकडे वळले. “मराठा घोडेस्वाराचा भाला बांबूचा होता म्हणतात. लांबी किती? कुठे धरायचे?”

मला काय ठाऊक! मी पुण्याला मामाला फोन लावला. मामा म्हणजे शिवकालीन चित्रपट थांबवून थांबवून बघणारा माणूस. “हे म्यान त्या काळचं नाही,” “हे खोगीर चुकलंय,” असं म्हणत तो मध्यंतरापर्यंतही पोहोचत नाही. केळकर संग्रहालयातल्या रखवालदारांना तो घरच्यांपेक्षा जास्त ओळखतो. मी प्रश्न सांगितला आणि फोन भालेरावांच्या हातात दिला. तो परत मिळाला तेव्हा पणत्या विझल्या होत्या आणि बॅटरीही संपत आली होती.

आता दोघे आठवड्याला बोलतात, मध्ये मी लागत नाही. भालेरावांनी मावळ्यांसाठी नवी पेटी आणली आहे. ती वहिनींना अजून दाखवलेली नाही. बांबूच्या लांबीवर एकमत होण्याची चिन्हं नाहीत. परवा मामाला विचारलं, कसा काय वाटला आमचा गोरा? मामाने पानाचा विडा गालात सरकवला आणि म्हणाला, “माणूस सोन्यासारखा आहे रे. पण व्हिडिओवर पाहिलं, भाला चुकीचा धरतो.”